झेनो कोणता, याकोब कोणता? ग्रीक आणि आद्य ख्रिस्ती नावांची गल्लत सोडवताना

गेल्या वर्षी दिवाळी अंकांच्या धांदलीत स्टोइक तत्त्वज्ञानावरचा एक लेख माझ्याकडे मुद्रितशोधनाला आला. लेख मनापासून लिहिलेला, भाषा स्वच्छ. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो यानेच अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीचं कोडं घातलं. मी पेन्सिल तिथेच टेकवली. कोडं झेनोचंच आहे आणि पंथही झेनोचाच आहे, पण हे झेनो दोन आहेत. कोडं घालणारा दक्षिण इटलीतल्या एलियाचा, जन्म इ.स.पू. ४९०च्या सुमाराचा. पंथ काढणारा सायप्रस बेटावरच्या किटिअमचा, जन्म इ.स.पू. ३३४च्या आसपासचा. मध्ये दीडशे वर्षांचं अंतर. लेखासोबत जो अर्धपुतळ्याचा फोटो होता तो किटिअमच्या झेनोचा आणि खाली ओळ होती ‘विरोधाभासांचा जनक’.

दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. पण ही चूक मला नवी नव्हती. गेली अनेक वर्षं भाषांतरं, कोशातल्या नोंदी, स्पर्धा परीक्षांच्या टिपणवह्या, चर्चच्या अभ्यासगटांची पत्रकं तपासताना तीच गोष्ट वेगवेगळ्या वेषात समोर येते. बाळांची कत्तल करणारा हेरोद आणि येशूची चौकशी करणारा हेरोद एकच समजले जातात. वैद्य हिप्पोक्रेटिस भूमिती करू लागतो. युसेबियस सम्राट कॉन्स्टन्टाईनला बाप्तिस्मा देतो आणि त्याचं चरित्रही लिहितो, जणू ते काम एकाच माणसाचं होतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

गल्लत होते ती का होते

ग्रीकांना आडनाव नव्हतं. माणसाला एकच नाव, आणि ते बहुतेकदा आजोबांचं. हे आपल्याला नवं वाटायला नको. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. अथेन्समध्ये अगदी हीच रीत होती. किमोनचा मुलगा मिल्टिआडीस, तोच मॅरेथॉनच्या लढाईचा (इ.स.पू. ४९०) सेनापती. त्याचा मुलगा पुन्हा किमोन, आणि तोही नामवंत सेनापती. आपण ‘बाळाजी बाजीराव’ म्हणतो तेव्हा वडिलांचं नाव लावून आजोबा-नातू वेगळे करतो. ग्रीकही तेच करायचे. अथेन्सच्या उत्खननात हद्दपारीच्या मतदानासाठी वापरलेल्या खापऱ्या हजारोंनी सापडल्या आहेत. मडक्याच्या फुटक्या तुकड्यावर टोकदार वस्तूने कोरलेलं नाव, आणि ते नुसतं ‘थेमिस्टोक्लीस’ असं नसतं; पुष्कळ खापऱ्यांवर ‘थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा’ असं असतं, काहींवर त्याच्या वस्तीचं नावही. दहा वर्षं देशाबाहेर घालवायचा माणूस नेमका कोणता, हे मतदाराला सांगावंच लागायचं. एकाच काळात अथेन्समध्ये दोन थ्युसिडिडीस होते: एक ओलोरसचा मुलगा, पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहासकार, दुसरा मेलेसियसचा मुलगा, पेरिक्लीसचा राजकीय विरोधक, जो खरोखरच असा हद्दपार झाला. वडिलांची नावं गाळली की इतिहासकाराच्या चरित्रात भलतीच हद्दपारी शिरते. त्यातून इतिहासकारालाही अथेन्स सोडावं लागलं होतं, पण ते वेगळ्या कारणाने आणि वीस वर्षांसाठी.

दुसरं कारण देवांची नावं. डायोनिसियस म्हणजे डायोनिसस देवाचा, डिमिट्रियस म्हणजे डिमिटर देवीचा, अपोलोनियस म्हणजे अपोलोचा. आपल्याकडे विठ्ठल आणि पांडुरंग जसे गावागावात, तशी ही नावं सिसिलीपासून थेट वायव्य भारतापर्यंत पसरली होती. ख्रिस्ती झालेल्या ग्रीकांनी ती टाकलीही नाहीत. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ज्यांना सलाम सांगितला आहे, त्यांत हर्मेस नावाचा एक भाऊ आहे.

या प्रश्नाने ग्रीकसुद्धा हैराण झाले होते, हे समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इ.स.पू. पहिल्या शतकात मॅग्नेशियाच्या डिमिट्रियसने एकाच नावाच्या कवी आणि लेखकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो ग्रंथ आज उरलेला नाही. पण तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लेअर्शियस त्याचा आधार घेतो आणि अनेक चरित्रांच्या शेवटी त्या नावाच्या इतर माणसांची यादी देतो. त्याच्या मोजणीत झेनो आठ, ॲरिस्टॉटल आठ, थिओडोरस वीस आणि डिमिट्रियसही वीस. म्हणजे या गल्लतीवरचा उपाय दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे.

पॅलेस्टाईनमधल्या ज्यू समाजात अडचण आणखी दाट होती, कारण नावांचा साठाच लहान. शिमोन, यहूदा, योहान, एलाजार ही नावं घरोघरी. परकी सत्ता उलथून टाकणाऱ्या मक्काबी घराण्यातल्या वीरांची ही नावं, त्यामुळे ती आवडीची झाली असं मानतात. बायकांमध्ये मरीया तर सगळ्यात जास्त. म्हणून नव्या करारात प्रत्येकाला काहीतरी जोडलेलं दिसतं: शिमोन ज्याला पेत्र म्हणत तो, शिमोन जिलोत, कुरेनेचा शिमोन, कुष्ठरोगी शिमोन, शिमोन चांभार. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात एक यहूदा येशूला प्रश्न विचारतो, तिथे लेखकाने लगेच सांगून टाकलं आहे की हा इस्कर्योत, म्हणजे येशूला धरून देणारा, नव्हे. ती लहानशी पुस्ती मला फार मोलाची वाटते. पहिल्या शतकातल्या त्या लेखकाला आपल्या वाचकाची गल्लत होईल हे दिसलं आणि त्याने तिथल्या तिथे ती सोडवली.

आपल्या मराठीने घातलेली भर

मराठीत ही नावं निदान तीन वाटांनी आली. शाळेच्या पुस्तकांतून इंग्रजी वळणाने: प्लेटो, ॲरिस्टॉटल. बायबलच्या भाषांतरातून मूळ ग्रीक-हिब्रू वळणाने: पौल, पेत्र, मत्तय, लूक. आणि गोवा-वसईत पोर्तुगीज वळणाने. त्यामुळे एकाच माणसाची तीन-तीन नावं होतात. इंग्रजीत जो जेम्स, तो पोर्तुगीजमध्ये तियागो आणि मराठी बायबलमध्ये याकोब. चर्चमध्ये ज्याची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) होते तो संत ज्यूड बायबलमध्ये यहूदा असतो, आणि वाचकाला वाटतं हे दोघे वेगळे.

उलटंही होतं. इंग्रजीत जेकब आणि जेम्स असे दोन शब्द आहेत. मूळ नाव एकच. मराठी बायबलने मूळ नाव जपलं, ते योग्यच केलं. पण त्यामुळे इसहाकाचा मुलगा याकोब, जब्दीचा मुलगा याकोब, अल्फीचा मुलगा याकोब आणि प्रभूचा भाऊ याकोब असे चारही जण एका शब्दाखाली येतात. मागे एका पुस्तकाच्या फाइलमध्ये कुणीतरी सगळ्या ‘याकोब’चं एका झटक्यात ‘जेम्स’ करून टाकलं. छपाईच्या आदल्या दिवशी माझ्या नजरेस पडलं की जेम्सला बारा मुलगे झाले आणि त्यांच्यापासून इस्राएलचे बारा वंश निघाले. त्या रात्री दोनशे अकरा ठिकाणी मी एकेक करून दुरुस्ती केली, प्रत्येक ठिकाणी मागचं-पुढचं वाक्य वाचून. दुसरा मार्गच नव्हता. म्हणून नाव बदलायचं असेल तर ‘सगळीकडे बदला’ हे बटण कधीही दाबू नका. जिथे नाव एकच आणि माणसं चार, तिथे संगणकाला माणूस ओळखता येत नाही.

आधी शतक, मग गाव, मग वडील

शंका आली की मी पहिल्यांदा शतक पाहते. बऱ्याच गाठी तिथेच सुटतात. बेथलेहेमच्या बाळांच्या कथेतला हेरोद म्हणजे थोरला हेरोद, तो इ.स.पू. ४ मध्ये वारला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा आणि येशूला रोमन सुभेदार पिलाताकडे परत पाठवणारा हा त्याचा मुलगा हेरोद अंतिपास. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या बाराव्या अध्यायात जब्दीच्या याकोबाला तलवारीने मारणारा ‘हेरोद राजा’ हा थोरल्याचा नातू, पहिला अग्रिप्पा, मृत्यू इ.स. ४४. आजोबा, काका, पुतण्या. शेजारी साल लिहिलं की तिघे आपोआप सुटे होतात.

मिनँडरचंही तसंच. अथेन्सचा विनोदी नाटककार मिनँडर इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातला. वाईट संगतीने चांगलं वळण बिघडतं ही जी ओळ पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात घेतली आहे, ती याच्या नाटकातली मानतात. दुसरा मिनँडर इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, वायव्य भारतातला ग्रीक राजा. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असं असतं. पालीत हाच मिलिंद झाला, नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा. महाराष्ट्रात घरोघरी असलेलं मिलिंद हे नाव आणि बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय, दोन्हींचा धागा या राजापर्यंत जातो. तिसरा मिनँडर शोमरोनचा (इंग्रजीत समारिया), पहिल्या शतकातला, ‘कृत्ये’मध्ये भेटणाऱ्या शिमोन जादूगाराचा शिष्य. त्याच्याविरुद्ध आद्य ख्रिस्ती लेखकांनी लिहिलं आहे. मिलिंदावरच्या एका निबंधात मी नाटककाराची ओळ राजाच्या तोंडी पाहिली आहे. दोघांच्या मध्ये शतकाहून जास्त काळ आणि निम्मा आशिया आहे.

शतक एकच असेल तर गाव पाहायचं. हिप्पोक्रेटिस दोघेही इ.स.पू. पाचव्या शतकातले आणि दोघेही एजियन समुद्रातल्या बेटांवरचे. वैद्य कॉसचा, गणिती खिऑसचा. चंद्रकोरीसारख्या वक्र आकाराचं क्षेत्रफळ काढणारा तो खिऑसचा. ही दोन नावं मराठीत लिहिताना एका अक्षराची ढिलाई झाली की वैद्यकाचा आणि भूमितीचा इतिहास एकमेकांत मिसळतो, म्हणून बेटाचं नाव मी दोनदा वाचते.

गाव चुकलं की काय होतं याचं मोठं उदाहरण युक्लिडचं. भूमितीचा युक्लिड अलेक्झांड्रियाचा, इ.स.पू. ३००च्या सुमाराचा. मेगाराचा युक्लिड त्याच्या आधीचा, सॉक्रेटिसचा शिष्य. पण व्हेनिसमध्ये १५०५ साली छापलेल्या लॅटिन भाषांतरावर लेखक म्हणून मेगाराच्या युक्लिडचं नाव होतं. १५७०च्या पहिल्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकपानावरही तेच. कमांडिनो या इटालियन गणितज्ञाने १५७२च्या आपल्या भाषांतरात ही चूक मोडून काढली. तोपर्यंत विद्वानांच्या कितीतरी पिढ्या भूमितीचं पुस्तक सॉक्रेटिसच्या शिष्याचं म्हणून वाचत होत्या.

टॉलेमी आणखी अवघड. इजिप्तवर राज्य करणारं टॉलेमी घराणं इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राबरोबर संपलं. खगोलशास्त्रज्ञ क्लॉडियस टॉलेमी इ.स. दुसऱ्या शतकातला, त्याचा त्या गादीशी संबंध नाही. तरी मध्ययुगात त्याला राजा समजत, आणि व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्रात तो आजही डोक्यावर मुकुट घालून, हातात पृथ्वीचा गोल घेऊन पाठमोरा उभा आहे. चित्र पाहताना मुकुटाकडे बोट दाखवून मी विद्यार्थ्यांना सांगते, ही नावाची चूक रंगात उतरलेली आहे. त्याच दुसऱ्या शतकात आणखी एक टॉलेमी होता, व्हॅलेंटिनसच्या ज्ञानवादी पंथातला ख्रिस्ती शिक्षक. मोशेचं नियमशास्त्र कसं समजून घ्यावं हे सांगणारं, फ्लोरा नावाच्या बाईला लिहिलेलं पत्र त्याचं. इथे शतकही उपयोगी पडत नाही. इथे काम पाहावं लागतं: ग्रहांचं गणित की शास्त्राचा अर्थ.

युसेबियसच्या बाबतीत तर शतक, धर्म, हुद्दा सगळं सारखं. दोघेही बिशप, दोघेही इ.स. ३२५च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेला हजर. कॉन्स्टन्टाईनला ३३७ मध्ये मृत्यूच्या आधी बाप्तिस्मा देणारा निकोमिडियाचा युसेबियस. चर्चचा इतिहास आणि कॉन्स्टन्टाईनचं चरित्र लिहिणारा कैसरियाचा. या दोघांसाठी माझा नियम एकच: गावाशिवाय युसेबियस लिहायचाच नाही, एका पानावर पाच वेळा आला तरी.

चिकटलेली माणसं

वरच्या चुका झाल्या तरी सुटतात. खरा त्रास तिथे आहे, जिथे दोन-तीन माणसांचा मिळून एक माणूस तयार झाला आणि शतकानुशतकं तसाच जगला. डायोनिसियस हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण.

इ.स. ५०च्या सुमारास पौल अथेन्समध्ये अरीयपगावर, म्हणजे जिच्या नावाने तिथली सभा ओळखली जाई त्या टेकडीवर, भाषण करतो. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सतराव्या अध्यायात, थोड्या लोकांनी विश्वास ठेवला असं सांगून त्यात एक नाव दिलं आहे: अरीयपगाच्या सभेतला डायोनिसियस. मराठी बायबलमध्ये तो दिओनुस्य या रूपात भेटतो. त्याच्याबद्दल तिथे एवढंच आहे. पुढे इ.स. १७०च्या सुमाराला एक बिशप पत्रात लिहितो की हाच अथेन्सचा पहिला बिशप झाला. हे लिहिणाऱ्या करिंथच्या बिशपाचं नावही डायोनिसियस.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला गॉल प्रांतात, आजच्या पॅरिसमध्ये, एक बिशप हुतात्मा होतो. त्याचंही नाव डायोनिसियस, फ्रेंच तोंडी देनी. त्याच्या समाधीवर पुढे सां-देनीचा मठ उभा राहिला, जिथे फ्रान्सच्या राजांना पुरत.

मग इ.स. ५००च्या सुमारास, बहुधा सीरियात, कुणीतरी ग्रीकमध्ये काही ग्रंथ लिहिले: ईश्वराच्या नामांवर, देवदूतांच्या श्रेणींवर, ईश्वराच्या अज्ञेयतेवर. ग्रंथ विलक्षण आहेत. लेखकाने स्वतःला पौलाचा शिष्य डायोनिसियस म्हणवून घेतलं. इ.स. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मचर्चेत एफिससचा बिशप हिपेशियस याने सरळ प्रश्न केला: हे ग्रंथ जर इतके जुने, तर आपल्या आधीच्या थोर आचार्यांपैकी कुणालाच ते ठाऊक कसे नव्हते? प्रश्न अचूक होता. पण तो मागे पडला.

इ.स. ८२७ मध्ये बायझँटाइन सम्राटाने या ग्रंथांचं एक हस्तलिखित फ्रँकांचा राजा लुई याला भेट पाठवलं, आणि ते गेलं थेट सां-देनीच्या मठात. मठाधिपती हिल्डुइनने ग्रंथांचं भाषांतर करवलं आणि संताचं चरित्र लिहिलं. त्यात अथेन्सचा सभासद, ग्रंथकार आणि पॅरिसचा हुतात्मा असे तिघे एक झाले. पहिल्या शतकातला माणूस, तिसऱ्या शतकातलं मरण, पाचव्या-सहाव्या शतकातली लेखणी. बाराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ ॲबेलार्ड त्याच मठात साधू असताना त्याला बीड या जुन्या इंग्रज इतिहासकाराच्या एका ओळीत वेगळी माहिती सापडली, की हा डायोनिसियस अथेन्सचा नव्हे तर करिंथचा बिशप होता. त्याने ती इतर साधूंना दाखवली. मठाच्या संताची मानहानी केली म्हणून त्याच्यावर एवढा गहजब झाला की त्याला रात्री मठातून पळून जावं लागलं. नावाची तपासणी करणं कधीकाळी इतकं महाग पडत होतं. आणि मजा अशी की बीडची ओळही चुकीचीच होती; त्याने करिंथच्या बिशपालाच अरीयपगाचा सभासद समजलं होतं.

पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाला या इटालियन विद्वानाने शंका पुन्हा मांडली. शेवटचा निकाल १८९५ मध्ये लागला. श्टिग्लमायर आणि कोख या दोन जर्मन अभ्यासकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिलं की या ग्रंथांतला दुष्टत्वाविषयीचा भाग प्रोक्लस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथावरून घेतलेला आहे. प्रोक्लस वारला इ.स. ४८५ मध्ये. पौलाच्या शिष्याला त्याचं लिखाण वाचणं शक्य नाही.

मराठीत आजही ‘संत डायोनिसियस, पौलाचा शिष्य, थोर गूढवादी लेखक, पॅरिसचा हुतात्मा’ असं एका दमात लिहिलेलं आढळतं. ते तोडताना ग्रंथांचा अपमान होईल असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. मध्ययुगातला थोर धर्मपंडित थॉमस ॲक्वायनस याने ज्या ग्रंथांचा शेकडो वेळा आधार घेतला, त्यांची उंची लेखकाचं नाव कळल्याने किंवा न कळल्याने कमी होत नाही. मी अशा ठिकाणी ‘डायोनिसियसच्या नावावरचे ग्रंथ’ असं लिहिते. ‘लिहिलेले’ आणि ‘नावावरचे’ या दोन शब्दांतला फरक वाचकाला बरोबर कळतो.

मग्दालीया मरीयेच्या बाबतीत मात्र चिकटवण्याने अन्यायच झाला. इ.स. ५९१च्या सुमारास पोप थोरल्या ग्रेगरीने एका प्रवचनात तीन स्त्रिया एक केल्या: मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया म्हणजे मार्था आणि लाजराची बहीण, आणि लूकच्या सातव्या अध्यायातली येशूचे पाय आसवांनी धुणारी पापी स्त्री. त्या स्त्रीला लूकने नावही दिलेलं नाही. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चने हे कधी मानलं नाही, पण पश्चिमेत पुढची चौदाशे वर्षं मग्दालीया म्हणजे पश्चात्ताप केलेली वेश्या असंच चित्र राहिलं. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांकडे घेऊन जाणारी ही बाई. कॅथलिक चर्चच्या सणांच्या रोमन पंचांगाने १९६९ मध्ये ही गाठ सोडली. २०१६ पासून तिचा सण प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीने पाळतात, आणि २०२१ पासून बेथानीच्या मरीयेला मार्था-लाजरासह २९ जुलै हा दिवस मिळाला. तरी दर वर्षी ईस्टरच्या सुमारास येणाऱ्या मजकुरात मला जुनी ओळ भेटते. ती ओळ मी कधीच सोडत नाही. कुणी म्हटलं की परंपरेने असंच आहे, तरी नाही.

साक्ष किती जुनी, यावर सगळं सोडू नका

जुना साक्षीदार म्हणजे खरा, असं धरून चालणं धोक्याचं असतं. बारा प्रेषितांपैकी फिलिप्प एक; भाकीत करणाऱ्या चार मुलींचा बाप, कैसरियात राहणारा सुवार्तिक, म्हणजे शुभवर्तमानाचा प्रचारक, फिलिप्प दुसरा. तो प्रेषितांच्या मदतीला निवडलेल्या सात सेवकांपैकी, हे ‘कृत्ये’ एकविसाव्या अध्यायात स्वच्छ सांगतात. पण इ.स. १९०च्या सुमारास एफिससचा बिशप पॉलिक्रेटिस लिहितो की बारांतला फिलिप्प आपल्या मुलींसह हिएरापोलिसमध्ये पुरला आहे. शंभर वर्षांच्या आतबाहेरच दोघांच्या गोष्टी एकमेकांत शिरल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

आणि कधी तर नावही एक नसतं, नुसतं तसं दिसतं. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिनने लिहिलं की रोममध्ये तिबेर नदीतल्या बेटावर शिमोन जादूगाराचा पुतळा आहे आणि त्यावर ‘पवित्र देव शिमोनाला’ असा लेख आहे. १५७४ मध्ये त्याच बेटावर एक पाया सापडला. त्यावर अक्षरं होती ‘सेमो सँकस’ या शपथेच्या जुन्या रोमन देवाची. ‘सेमोनी’चं ‘सिमोनी’ वाचलं गेलं होतं, एका स्वराचा फरक.

याउलट तपासणी कशी करावी याचा उत्तम नमुना तिसऱ्या शतकातच मिळतो. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस (पुन्हा तेच नाव, कारकीर्द इ.स. २४८ ते २६४) विचारतो: ‘प्रकटीकरण’ लिहिणारा योहान आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान एकच का? त्याची पद्धत पाहा. शुभवर्तमानाचं ग्रीक बिनचूक आहे, प्रकटीकरणाचं अडखळतं. एक लेखक आपलं नाव सांगत नाही, दुसरा पुन्हा पुन्हा सांगतो. एफिससमध्ये योहानाच्या नावाच्या दोन समाध्या आहेत असं त्याच्या कानावर आलं होतं. आणि तो म्हणतो, योहान नावाची माणसं पुष्कळ असणारच, विश्वासणाऱ्यांच्या मुलांमध्ये पौल आणि पेत्र पुष्कळ असतात तशी. तरीही ग्रंथ टाकून द्या असं तो म्हणत नाही. लेखक कुणी दुसरा पवित्र योहान असावा, एवढंच. भाषा, स्वतःविषयीचा उल्लेख, जागा, नावाचं प्रमाण, आणि निष्कर्षात संयम. यापेक्षा चांगली तपासणी-यादी मला आजवर मिळालेली नाही.

मी नोंद कशी ठेवते

एका तक्त्यात प्रत्येक माणसाला एक ओळ. नाव, गाव, वडील किंवा नातं, काळ, काम, आणि शेवटच्या रकान्यात मराठीत सापडलेली सगळी रूपं: डायोनिसियस, डिओनिसिओस, दिओनुस्य, देनी, डेनिस. लेखात पहिल्या उल्लेखाला गाव आणि काळ दोन्ही देते, पुढे निदान गाव. चित्राची ओळ मजकुरावरून न उतरवता वेगळी तपासते, कारण झेनोच्या लेखात फोटोखालची ओळही चुकली होती. आणि बायबलमधला माणूस असेल तर मराठी बायबलातलंच रूप ठेवते, शेजारी नातं लिहून: याकोब, जब्दीचा.

शंका फिटत नसेल तर दोन ओळी दोनच ठेवते. वेगळे ठेवलेले दोघे पुढे एकच निघाले तर ओळी जोडायला एक मिनिट लागतं. जोडलेले दोघे वेगळे निघाले तर कोणतं वाक्य कुणाचं, हे शोधण्यात रात्री जातात. माझ्या तक्त्यात अशी एक जोडी कित्येक वर्षं तशीच आहे. ऑरिजेन, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती आचार्य, साधारण इ.स. १८५ ते २५३. आणि ऑरिजेन, प्लेटोवादी, तत्त्वज्ञ प्लॉटिनसचा सहाध्यायी. प्लॉटिनसचा शिष्य पॉर्फिरी दोघांचाही संबंध अमोनियस या एकाच गुरूशी जोडतो. बहुतेक अभ्यासक त्यांना दोन मानतात, काही एकच. दोन्ही ओळींच्या शेवटी मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आहे, आणि लेखात हे नाव आलं की दरवेळी लेखकाला फोन करून विचारते, तुम्ही कोणत्या ऑरिजेनबद्दल लिहिलंय?